'काऊन' विचारण्याचा उन्हाळा

सुजाता आणि निखिल,

मागच्या रविवारी फोनवर सुजाता सांगत होती की नव्या नोकरीत तिला एक शास्त्र शिकवत आहेत. एखाद्या संस्थेचं काम आज कसं चालतं ते आधी नीट बघायचं, उद्या कसं चालावं ते ठरवायचं, आणि मग तिथल्या माणसांना आजपासून उद्यापर्यंत घेऊन जायचं. "आजी, तुला कंटाळा येईल हे ऐकून," ती म्हणाली. निखिलही पुढच्या वर्षी तेच शिकणार आहे म्हणे. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर उटनूरकडची एक बाई वाळलेल्या मोहाची टोपली घेऊन आली. आदिलाबादेत आता असं कोणी फारसं येत नाही. मला मोह नको होता, तरी मी ओंजळभर घेतला. तो गोड, किंचित आंबलेला वास दिवसभर स्वयंपाकघरात राहिला आणि मला बसवेना. म्हणून लिहायला घेतलं. तुम्ही दोघंही आता लोकांना प्रश्न विचारण्याचाच पगार घेणार आहात. तेव्हा एका उन्हाळ्याबद्दल तुम्हाला माहीत असलेलं बरं.

मला त्या शास्त्राचा कंटाळा येत नाही. मी ते शिकलेली आहे. आंध्र प्रदेश होता तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला, उटनूरला. संगणक अजून आमच्या दफ्तरात यायचा होता. ज्याला तुम्ही पडद्यावर चौकटी आणि बाण काढून दाखवता, ते आम्ही भिंतीवर कागद चिकटवून काढत होतो. कागद चिकटवायला आमच्याच गोदामातला डिंक होता.

उटनूरचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. सागाची झाडं पानं टाकून उघडी होतात आणि जंगल एकदम आरपार दिसायला लागतं. पडलेलं सागाचं पान एवढं मोठं आणि कडक असतं की त्यावरून कोंबडी चालली तरी माणूस आल्यासारखं वाटतं. मोहाच्या झाडाखालचा पाला बाया आधीच जाळून टाकतात, म्हणजे फुलं वेचायला सोपं. त्या काळ्या राखेच्या गोलावर पहाटे फिकट पिवळी फुलं टपटपत राहतात. दहा वाजले की पत्र्याच्या छपराखाली आमचं दफ्तर तापायचं आणि कागदांच्या कडा आपोआप वळायच्या. त्या वर्षीचं आठवतंय ते हेच, की भिंतीवरचे तक्ते सारखे गुंडाळून घ्यायला बघत होते आणि आम्ही सारखे त्यांना हाताने सपाट करत होतो.

आमची संस्था सहकारी होती. गुड्यांवरच्या लोकांकडून मोह, चारोळी, डिंक, चिंच विकत घ्यायची आणि त्यांना मीठ, ज्वारी, रॉकेल, कापड द्यायचं, हे तिचं काम. गुडा म्हणजे जंगलातली गोंडांची वस्ती. मोठ्या गुड्यांवर संस्थेचे डेपो होते. मी दफ्तरात वरिष्ठ लिपिक होते. नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली, म्हणून हैदराबादचा कागद आला की तो आधी माझ्या टेबलावर यायचा. तुमचे आजोबा तिथल्याच शाळेत शिकवत होते.

या डेपोंमधला एक नार्नूरच्या पुढे, ओढ्यापलीकडे होता. उन्हाळ्यात तो ओढा म्हणजे नुसते पांढरे गोटे. बैलगाडी खडखडत निघून जायची. पण पाऊस लागला की तोच ओढा असा भरून वाहायचा की पलीकडची वस्ती आठवडेच्या आठवडे तुटायची. पलीकडे दुसरं दुकान नव्हतं. वैशाखातच मीठ आणि ज्वारी डेपोत नेऊन भरली तर पावसाळा निघायचा. म्हणून त्या उन्हाळ्यात, आमच्या दफ्तरात जे काही शिकणं-शिकवणं चाललं होतं त्याच्या तळाशी एकच गोष्ट होती. तो डेपो राहतो की जातो. बाकी सगळं मी आता विसरले तरी चालेल.

डेपोवर शामराव होते. गुडीहत्नूरचे, आपल्याच समाजातले. त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच मालकाच्या वावरात राबलेले. शामराव त्यांच्या घरातले पगारावर लागलेले पहिले. उंच, पण साहेबासमोर आपोआप चार बोटं कमी होणारे. मला ताई म्हणत, आणि चहा पिताना मात्र उंच बसत. डेपोत ते एकटे होते. मोठा तराजू, गोण्या, एक घडीची खुर्ची आणि पत्र्याचं दार, एवढं त्यांचं राज्य.

संस्था तोट्यात चालली होती, हे सर्वांना ठाऊक होतं. तेव्हा वरून हुकूम आला की कामाची पद्धत सुधारायची आणि त्यासाठी प्रशिक्षण घ्यायचं. हैदराबादहून मूर्तीसाहेब आले. चाळिशीचे, स्वच्छ, मऊ बोलणारे. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. जेवढं शिकवलं तेवढं मन लावून शिकवलं. मी त्यांच्याकडून जे शिकले ते जन्मभर वापरलं. काम बघताना माणूस बघू नका, कामाचा प्रवास बघा, असं ते म्हणायचे. गोण कुठून निघते, कुणाच्या हातात जाते, कुठे थांबते, का थांबते. प्रत्येक थांब्याला एक चौकट. हो की नाही असा प्रश्न आला की तिथे तिरकी चौकट. ज्यांचा यात नफा-तोटा आहे त्या सगळ्यांची नावं एका बाजूला. मला ते फार आवडलं. पसारा आवरल्यावर खोली जशी मोठी दिसते तसं दफ्तर मला मोठं दिसायला लागलं. तुमची आई अजून सांगते, त्या वर्षी मी घरच्या स्वयंपाकाचाही तक्ता काढला होता आणि आजोबांना दोन ठिकाणी विनाकारण थांबणारा टप्पा म्हणून दाखवलं होतं.

एके दिवशी त्यांनी माशाचा सांगाडा काढला. डोक्यापाशी अडचण लिहायची आणि एकेका काट्यावर तिची कारणं. आमचा शिपाई गंगाराम दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "मासा वरच्यांनी खाल्ला, आमाले काटे मोजायले लावले." सगळे हसले. मूर्तीसाहेबांना मराठी येत नव्हती, पण तेही हसले.

आणि मग त्यांनी पाच वेळा 'का' विचारण्याची रीत शिकवली. तुम्हालाही ती शिकवली असेल. अडचण दिसली की का विचारायचं, उत्तर आलं की पुन्हा का, असं करत करत पाचव्या उत्तराला अडचणीचं मूळ सापडतं. ते हिंदीत शिकवत होते, पण चहाच्या टपरीवर त्यांनी आमची माणसं बोलताना ऐकली होती. आमच्याकडे का-ला काऊन म्हणतात. हा एवढा एक शब्द मूर्तीसाहेबांना इतका गोड वाटला की त्यांनी तो उचललाच. 'व्हाय' नाही, 'क्यों' नाही, काऊन. लोकांच्या भाषेत विचारलं की लोक मोकळे होतात, असं ते म्हणाले. दिवसभर काऊन, काऊन. गंगारामने मागे सांगून टाकलं की साहेब काव काव करून राह्यले, पावने येनार वाटते.

इथे मला जरा थांबलं पाहिजे.

काऊन हा शब्द तुम्ही माझ्या तोंडून लाडाने ऐकला आहे. काऊन रडतं गं, काऊन जेवत नाही रे. पण मी लहान असताना आमच्या घरात हा शब्द वरून खाली यायचा. खालून वर जायचा नाही. मालक वावराच्या बांधावर उभा राहून माझ्या वडिलांना विचारायचा, काऊन उशीर झाला? त्याला कारण ऐकायचं नसायचं. वडिलांना आदल्या रात्री ताप असला तरी ते ताप सांगत नसत. डोक्याचं फडकं काढून हातात घेत आणि चुकलं म्हणत. तेवढं म्हटलं की मालक पुढे जायचा आणि दिवस सुरू व्हायचा. दफ्तरात आल्यावर मी पाहिलं, तीच गोष्ट कागदावर होती. निजामाच्या वेळेपासूनचा शब्द होता, जवाबतलब. नाव असं की वाटावं उत्तर मागवलं आहे. पण जवाबतलब आला की लिहायचं काय ते ठरलेलं होतं. चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफी असावी. खरं कारण लिहिणारा माणूस उर्मट समजला जायचा. आमच्या भागात का-चं उत्तर कारण नव्हतंच. का-चं उत्तर माफी होतं.

मूर्तीसाहेबांना हे कसं ठाऊक असणार.

शामरावांच्या डेपोवर माल दोनदा मोजला जायचा. आधी संस्थेच्या लोखंडी तराजूवर, मग तोच मोह चादरीवर ओतून लाकडी पायलीने. पायली गुड्याची होती. कडा झिजलेल्या, एका बाजूला पत्र्याची पट्टी मारलेली. गुड्याचे पटला, म्हणजे गावचे मुख्य, मारू नावाचे म्हातारे, ती घेऊन बसायचे. या दुबार मापाने बाजाराच्या दिवशी रांग हलायची नाही. गाडी उभी राहायची, हमाल झोपायचे. तक्त्यावर ती चौकट मूर्तीसाहेबांनी लाल पेनाने रंगवली, आणि शामरावांना उटनूरला बोलावून घेतलं.

शामराव इस्त्री केलेला सदरा घालून आले होते. मूर्तीसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"दो बार नापते हो. काऊन?"

"तसंच चालत आलं, साहेब."

"काऊन?"

"माह्याआधी होते ते बी तसंच करत."

"काऊन?"

शामरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "लोकं मोजल्याबिगर उठत नाईत, साहेब."

मूर्तीसाहेब पुढे झुकले. उत्तर जवळ आलं की त्यांना खरोखर आनंद व्हायचा. तो आनंद समोरच्या माणसाला कसा दिसतो याची त्यांना कल्पना नव्हती. ते म्हणाले, "नहीं उठते. काऊन?"

"चुकलं, साहेब," शामराव म्हणाले. "पुढं नाई होनार."

त्या तक्त्याच्या शेवटच्या चौकटीत लिहिलं गेलं, जुनी सवय, कारण नाही, कर्मचाऱ्याला मान्य. त्या आठवड्यात सगळ्या डेपोंची माणसं येऊन गेली. कुणाची गोणी भिजत होती, कुणाची गाडी उशिरा निघत होती. कुणी तिसऱ्या काऊनला, कुणी चौथ्याला, पण शेवटी सगळ्यांचं उत्तर एकच आलं. भिंतभर चूक झाली, चूक झाली. मूर्तीसाहेब जरा गोंधळले. मला म्हणाले, इथले लोक इतके प्रामाणिक कसे? मी त्यांना इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. वडिलांचं फडकं सांगितलं नाही, पण जवाबतलब सांगितला. या माणसांना का विचारू नका, काम करताना बघा, म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "इंटरेस्टिंग," म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर उद्याचा तक्ता तयार झाला. तोल, चिठ्ठी, गोदाम. तीन चौकटी, सरळ बाण. दिसायला फार सुंदर होता, हे मी आजही कबूल करीन. व्यवस्थापकांनी तो काचेत लावला. मूर्तीसाहेबांना आम्ही चारोळीची पुडी आणि शाल देऊन निरोप दिला. पायलीचं माप बंद झालं.

सुरवातीला सगळं सुरळीत. रांग भराभर पुढे सरकत होती. मग रांगच बारीक झाली. चैत्र संपेपर्यंत ओढ्यापलीकडचा मोह आमच्या डेपोत यायचा जवळपास थांबला. लोक टोपल्या घेऊन डेपोच्या दारावरून पुढे जात, ओढा ओलांडत आणि नार्नूरच्या बाजारात व्यापाऱ्याला, म्हणजे तिथल्या सावकारालाच, माल देत. व्यापारी भाव कमी द्यायचा. तरी जात. शामरावांनी कुणाला विचारलं तर लोक हसून खाली बघत आणि म्हणत, सहज.

मी व्यवस्थापकांना सांगून गुड्यावर गेले. जीप ओढ्याच्या अलीकडे थांबायची, पुढे चालत. ऊन असं की गोट्यांवरून पाय उचलून टाकावा लागायचा. मी ठरवून गेले होते की काऊन हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मारू पटलांच्या घरी त्यांची सून लेतुबाई चारोळीच्या बिया फोडत बसली होती. दगडावर बी उभं धरायचं, वरून दुसरा दगड अलगद, आणि आतला दाणा अख्खा बाहेर. मी पण एक दगड घेतला. माझे दाणे सगळे चुरा झाले. तिने ते वेगळे ठेवले, म्हणाली, "हे तुमच्या घरी न्या बाई, खिरीले चालते." तिचं मराठी बाजारातलं, थोडं गोंडीच्या चालीवर. मी आदल्या बाजाराच्या गोष्टी काढल्या, तिच्या माहेरच्या काढल्या. दुपार कलली. मग मी म्हटलं, तुमची पायली दिसत नाही.

तिने छपराकडे बोट केलं. पायली वाशाला टांगलेली होती.

"ठेवली," ती म्हणाली. "तिले काम नाई आता."

मग दगड खाली ठेवून ती सावकाश बोलली. घरून निघताना पायलीने मोजून निघायचं. डेपोत तराजूवर घातलं की काटा काय म्हणतो ते काट्यालाच माहीत. पुन्हा पायलीने मोजलं की घरचं माप आणि तिथलं माप जुळतं, म्हणजे काटा खरा बोलला. "आमची पायली होती तवर तुमचा काटा आमचा होता. आता नुसता तुमचाच राह्यला. मंग तुमचा काय अन् सावकाराचा काय, दोन्ही लोखंडाचेच. त्याच्याजवळ मंग तंबाखू तरी भेटते."

सुजाता, एवढं साधं होतं. कामाचा प्रवास काढताना आम्ही गोणीचा प्रवास काढला होता. विश्वासाचाही एक प्रवास असतो आणि तो आमच्या लाल चौकटीत बसून होता. बाहेर आले तेव्हा शामराव झाडाखाली वाट बघत उभे होते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ठाऊक होतं बी अन् नव्हतं बी, ताई. सकाळी दात घासतो, तसं होतं ते. कोनी पुसलं तं काय सांगाव?"

मी नवा तक्ता काढला. पायलीची चौकट परत घातली आणि तिच्या बाजूला इंग्रजीत कारण लिहिलं. तो घेऊन व्यवस्थापकांकडे गेले. ते गोदावरीकडचे, तेलुगू बोलणारे, निवृत्तीला आलेले. त्यांच्या टेबलावर ओढ्यापलीकडचा डेपो बंद करण्याचा कागद तयार होता. खरेदी नाही तर डेपो कशाला, असं वरून विचारलं होतं. त्यांनी माझा तक्ता नीट वाचला. मग हिंदीत म्हणाले, मॅडम, विचारलं तेव्हा तुमचाच माणूस म्हणाला की त्याची चूक होती, ते वर गेलं आहे. आता तुम्ही म्हणता चूक नव्हती. मी वर काय पाठवू? मला त्याच्या तोंडून ऐकू दे.

दुसऱ्या दिवशी मी शामरावांना आणलं. वाटेत दोनदा म्हणवून घेतलं. घरचं माप आणि डेपोचं माप जुळतं म्हणून लोकांचा काट्यावर भरवसा बसतो. दफ्तराच्या पायरीवर त्यांनी ते स्वच्छ म्हणून दाखवलं. डेपो बंद झाला तर पावसात पलीकडे मीठ पोचणार नाही, हेही म्हणाले. आत गेलो. पंखा फिरत होता. व्यवस्थापकांनी चष्मा काढला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "बोलो शामराव. क्यों नापते थे दो बार?"

शामरावांचा हात डोक्याकडे गेला. डोक्यावर काही नव्हतं. तो हात तसाच कपाळावरून खाली आला.

"चुकलं, साहेब," ते म्हणाले.

मी शेजारी उभी होते. मी बोलले, सगळं बोलले, पण व्यवस्थापकांनी हात वर करून मला थांबवलं. ते रागावले नव्हते. त्यांना वाईटच वाटलं असावं. बाहेर आल्यावर शामराव नळावर तोंड धूत राहिले, इतका वेळ की गंगारामने येऊन नळ बंद केला. मला त्यांचा राग आला नाही. त्या खोलीत ते एकटे उभे नव्हते. त्यांचे वडील उभे होते, माझे वडील उभे होते, आणि बांधावरून कोणीतरी विचारत होतं.

मृगाच्या आधी डेपो रिकामा केला. मिठाच्या गोण्या, ज्वारी, तराजू, सगळं दोन गाड्यांतून अलीकडे आलं. गाड्या ओढ्यात उतरल्या तेव्हा मारू पटला आणि बायामाणसं काठावर उभी होती. कोणी काही विचारलं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं असं आज तुम्ही म्हणाल. कुणाला विचारणार होते? शामरावांची बदली गुडीहत्नूरच्या गोदामात झाली.

त्या वर्षीच्या पावसाबद्दल मला लिहायचं नाही. फक्त एवढंच की श्रावणात झड लागली आणि ओढा उतरेना. पलीकडे ज्वारी कशीबशी होती, मीठ संपलं होतं. बिनमिठाचं अन्न म्हणजे काय हे तुम्हाला कळणार नाही. लहान मुलं तोंड फिरवतात, म्हातारी माणसं काही बोलत नाहीत आणि हळूहळू उठेनाशी होतात. एका दुपारी पाऊस थांबला. पाणी जरा उतरल्यासारखं दिसलं. लेतुबाई आणि आणखी दोघी मीठ आणायला निघाल्या. येताना मधोमध पाणी पुन्हा चढलं. डोक्यावर मीठ होतं म्हणून लेतुबाईचे दोन्ही हात वर होते. बाकीच्या दोघींनी ओझं सोडून दिलं आणि झाडाची मुळी धरली. तिने सोडलं नाही. ती खाली, बऱ्याच अंतरावर सापडली.

शामरावांना बातमी गुडीहत्नूरच्या बाजारात कळली. दुसऱ्या दिवशी ते उटनूरला आले, ओल्या कपड्यांनी, रजा न टाकता. माझ्या टेबलापाशी थांबले नाहीत. सरळ आत गेले. मी मागोमाग गेले.

व्यवस्थापक काहीतरी लिहीत होते. शामराव टेबलापाशी उभे राहिले. पूर्ण उंच.

"साहेब, डेपो काऊन बंद केला?"

व्यवस्थापक म्हणाले की खरेदी होत नव्हती, माहीत आहे तुला.

"खरेदी काऊन होत नव्हती?"

ते म्हणाले, वरून आदेश होता.

"वरतून काऊन आला?"

व्यवस्थापकांनी पेनाला टोपण लावलं. शामरावांचा आवाज चढलेला नव्हता. मूर्तीसाहेबांनी जसं शिकवलं होतं, तसंच, थांबत थांबत, उत्तराची जागा ठेवून. त्यांनी आणखी एकदा विचारलं. पंखा बंद होता, वीज नव्हती, छपरावरून पाणी गळत होतं. मग ते वळले आणि निघून गेले. आमच्या जिल्ह्यात तो शब्द खालून वर जाताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आणि किती उशिरा.

त्यांना जवाबतलब आला. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. ते माझ्याकडे घेऊन आले, म्हणाले ताई, तुमी लिवा, मी सांगतो. त्यांनी सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. पायली, काटा, मीठ, ओढा, लेतुबाई, याच क्रमाने. शेवटी मी पेन थांबवून वाट बघितली. ते म्हणाले, झालं. माफीची ओळ नव्हती. त्यामुळे त्यांची बढती राहिली ती राहिलीच, निवृत्तीपर्यंत. पण तो कागद कुठेतरी कुणीतरी वाचला असावा, कारण हिवाळ्यात डेपो पुन्हा उघडला, दोन्ही मापांसकट. लोक आले. लगेच नाही, पण आले. मारू पटला मात्र आले नाहीत. पायली दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायचे.

मी पुढे आणखी बरीच वर्षं नोकरी केली. कामाचे प्रवास काढले, लोकांना तक्ते शिकवले, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसांना आधी दोन दिवस डेपोवर नुसतं बसवून ठेवलं, तोंड बंद. काहींनी माझी तक्रार केली. तुमचं शास्त्र चुकीचं आहे असं मला म्हणायचं नाही. ते चांगलं आहे, मी त्यातूनच उभी राहिले. फक्त विचारण्याआधी बघा की समोरच्याच्या घरात तो प्रश्न आजवर कोण विचारत आला आहे. उत्तर फार पटकन आलं, फार नम्रपणे आलं, तर ते लिहून घेऊ नका. त्याच्यासोबत दुपारभर बी फोडत बसा. तुम्हाला तेवढा वेळ कोणी देणार नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही दिला नव्हता. आणि सगळं बरोबर केलं तरीही वरचा कागद आधी पोचलेला असू शकतो. याच्यावर माझ्याकडे उपाय नाही. असता तर मी तो पहिल्या ओळीत लिहिला असता.

गेल्या वर्षी नार्नूरकडे जाणं झालं. संस्था केव्हाच बुडाली आहे. डेपोचा पत्रा कोणी नेला, भिंती आहेत. शामराव गेले, त्यांचा मुलगा शिक्षक आहे. राज्य बदललं, पाट्या बदलल्या, ओढ्यावर पूल अजून झालेला नाही. गुड्यातल्या बाया दरवर्षी वैशाखात, ओढा कोरडा असतानाच, सगळ्या घरांचं मीठ एकदम आणतात आणि लेतुबाईच्या घरात, चुलीवरच्या माळ्यावर, मडक्यांतून भरून ठेवतात. ज्याला लागेल त्याने यावं आणि न्यावं. ते मीठ पावसाळाभर पुरतं.

तुमची आजी